मण

आमच्याकडं ण चा न होतो.
पाणी पानी, लोणी लोनी,
आणि चाळीस शेरांचा मण, तो नुसता मन.
आण्णा यार्डातून यायचे हळदीनं पिवळे,
कानाच्या पाळ्यांपर्यंत, पापण्यांपर्यंत,
पायरीवर टेकून म्हणायचे,
आज लई मन उचाललं.
मला वाटायचं, सांगलीच्या यार्डात माणसं
दुसऱ्यांची मनं पाठीवर घेऊन
ट्रकपर्यंत नेऊन टाकतात.

साठीच्या आतच
तांब्या तोंडाशी नेताना त्यांचा हात लटलटायचा.
आई म्हणायची, ताकदीनंच खाल्लं त्यांना.
मी म्हणते, ताकदीनं नाही.
पोत्यांना रविवार नव्हता.

मी पोस्टात चिकटले. एकतीस वर्षं शिक्के.
उजवा दंड तेवढा पैलवानाचा,
बाकीची बाई उशीसारखी.
हे गेल्यावर भिंतीकडं तोंड करून पडले
ती सात महिने.
डॉक्टरनं हाडांचा फोटो उजेडात धरला. चाळण.
जो तो सांगायचा, मनावर घे.
घेतलं असतं की.
पण तेच उचलत नव्हतं,
त्याच्यावर आणखी काय घेऊ?

खणभागात, पिठाच्या गिरणीमागं
शहनाज मुजावरची व्यायामशाळा.
पोरगी माझ्या धाकटीहून लहान.
पहिला महिना हातात नुसता केरसुणीचा दांडा.
बसा. उठा. गुडघे बाहेर. श्वास धरा.
गिरणीचा पट्टा भिंतीपलीकडं फटफटतो,
आणि इथं मी, पासष्टीची, बसायला शिकते.
विचारलं, हे किती दिवस करायचं गं?
म्हणाली, दात किती दिवस घासता, मावशी?

आदगोंडा चौगुले येतात सायकलवरून, वय चौऱ्याऐंशी.
त्यांचा व्यायाम एकच:
खुर्चीतून हात न टेकता उठायचं. बारा वेळा.
मग बुटाची नाडी स्वतः बांधायची
आणि कुणीतरी बघतंय का ते बघायचं.

कृष्णा आत आली त्या वर्षी
बाकडी तरंगली, गाद्या तरंगल्या,
सगळ्यांच्या हजेरीची वही शेरीनाल्याकडं निघून गेली.
लोखंड मात्र जिथल्या तिथं, चिखलाखाली.
शहनाजनं एकेक चकती रॉकेलनं पुसली.
अजून तळहाताला गंज लागतो.
घरी धुताना पाणी तांबूस जातं
आणि मला ते धुवावंसं वाटत नाही लगेच.

सगळे दिवस चांगले नसतात.
काही सोमवारी बूट घालून पलंगावरच बसून राहते.
झोप सुधारली, हे खरं.
जिने चढते, गॅसची टाकी सरकवते.
ह्यांचा शर्ट कपाटात दिसला
तर अजून खालीच बसते.
फक्त आता उठायचं कसं ते पायांना माहीत असतं,
माझ्या आधी.

परवा म्हटलं,
दांडी पंधराची. दोन्हीकडं दहा दहा.
आणि वर सव्वा सव्वा.
शहनाज म्हणाली, सरळ चाळीस करू की, गोल आकडा.
नको म्हटलं. साडेसदतीसच.
हिशेब माझा माझ्याकडं.
हाताला पांढरी पूड चोळली,
श्वास धरला,
जमीन पायांनी खाली ढकलली
आणि ते आलं वर, मांड्यांपर्यंत,
कुरकुरत, वाकडं न होता.

टाकू नका, शहनाज ओरडली.
ठेवताना पण पाठ सरळ, मावशी. हळू.

आण्णांना हे सांगणारं कुणी नव्हतं.

घरी आले तशीच, कोपरापर्यंत पांढरी.
पायरीवर बसले जराशी.
समोरची सून दळण घेऊन चालली होती,
म्हणाली, काय हो काकू, गिरणीत होता होय?
म्हटलं, मागच्या बाजूला.
एक मन होतं. उचाललं.